अठ्ठेचाळीस नंबरच्या रस्त्यावरचे अर्हत

मराठी माणसाला मानेसर ठाऊक असते ते दोन कारणांनी. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबईला धावून आलेले एनएसजीचे कमांडो इथल्या छावणीतले. आणि पिंपरी-चाकणच्या पट्ट्यातल्या एखाद्या घरातला मुलगा बदली होऊन इथल्या कारखान्यात आलेला असतो. माझा भाचा दुसऱ्या प्रकारातला. दिल्लीहून जयपूरला जाताना गुडगाव मागे पडले की अरवलीच्या बुटक्या, काटेरी झुडपांच्या टेकड्या दिसू लागतात. त्यांच्या कुशीत औद्योगिक वसाहत पसरली आहे. मारुतीच्या मोटारी, होंडाच्या दुचाकी आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या कंपन्या. "मामा, इथं बघायला काही नाही," भाच्याने आधीच बजावले होते. "दिल्ली बघा, आग्रा बघा. मानेसरला फक्त शिफ्ट सुटताना बघायला मिळेल."

पण मानेसरला एक गोष्ट जागोजागी दिसते. दवाखान्यात औषधांच्या कपाटावर, ढाब्याच्या गल्ल्याशी, जमीनजुमल्याच्या दलालाच्या टेबलावर, मोबाइलच्या दुकानात, सगळीकडे लाफिंग बुद्धा. सुटलेले पोट, उघडी छाती, खांद्यावर झोळी, तोंडभर हसू. बहुतेक मूर्ती राळेच्या, सोनेरी रंग फासलेल्या. भाच्याच्या कंपनीतली मात्र पांढऱ्याशुभ्र चिनी मातीची होती, काचेच्या फळीवर ठेवलेली. तिच्या शेजारी कागदाच्या लगद्याची, लाल रंगाची, हातपाय नसलेली एक गोल बाहुली. तिचा एकच डोळा रंगवलेला. ही जपानी दारुमा. संकल्प सोडताना एक डोळा रंगवायचा आणि तडीस गेला की दुसरा. या भागात जपानी कंपन्या आणि जपानी अधिकारी पुष्कळ, म्हणून ती इथवर आली. फळीवरचे हे दोघेही बौद्ध साधुपुरुष आहेत, हे सांगितल्यावर भाचा म्हणाला, "लाल बाहुलीसुद्धा?"

लाल बाहुलीसुद्धा. दारुमा म्हणजे बोधिधर्म, चीनमध्ये ध्यानसंप्रदायाचा पाया घालणारा भिक्खू. परंपरा त्याला कांचीपुरमचा राजपुत्र मानते. भिंतीकडे तोंड करून नऊ वर्षे ध्यानाला बसल्याने त्याचे हातपाय झडून गेले, अशी कथा आहे. बाहुलीला हातपाय नसतात ते त्यामुळे. आणि पांढरा हसरा गृहस्थ बुद्ध नाहीच. तो बुदाई, चीनच्या झेजियांग प्रांतातल्या फंगहुआचा एक फिरस्ता भिक्खू. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला तो वारला. मिळेल ते झोळीत टाकायचा आणि पोराटोरांत रमायचा. तो पुढे जन्म घेणाऱ्या मैत्रेय बुद्धाचाच अवतार होता अशी समजूत त्याच्या मागे पसरली आणि चिनी देवळांच्या पहिल्याच दालनात मैत्रेय म्हणून त्याची स्थापना होऊ लागली. महाराष्ट्रात ज्या घरांत रोज बुद्धवंदना होते, तिथले लोक या मूर्तीकडे बुद्ध म्हणून पाहत नाहीत, ते योग्यच आहे.

हांगझोऊ शहराजवळ फेइलाइ फंग नावाची टेकडी आहे. तिच्या कातळात सोंग काळात कोरलेला एक भलामोठा बुदाई बसला आहे आणि त्याच्याभोवती अठरा अर्हत आहेत. टेकडीची दंतकथा मजेची आहे. चौथ्या शतकात हिंदुस्थानातून आलेल्या एका भिक्खूने तिला पाहताच ओळखले: हा तर आपल्याकडच्या गृध्रकूट टेकडीचा तुकडा, उडून इथे कसा आला? त्या टेकडीवर बुदाई मध्ये आणि अर्हत कडेला आहेत. आपल्याकडे आयात झाला तो फक्त मधला. कडेचे अठरा कोण, हे मानेसरला कोणी विचारत नाही. मला त्यांच्याविषयी जास्त कुतूहल होते, कारण त्यांच्यातले बहुतेक आपले आहेत.

त्यांच्यातला एक मला दिल्लीच्या सुंदर नगरमध्ये भेटला. जुन्या वस्तूंच्या दुकानांसाठी हा बाजार प्रसिद्ध आहे. एका दुकानात पितळी दिवे आणि तंजावरच्या चित्रांच्या गर्दीत वीत-दीड वीत उंचीची एक बैठी मूर्ती होती. अंगावरच्या चीवरावर निळी-करडी झिलई, घड्यांच्या खाचांत साचून गडद झालेली. चेहरा, छाती आणि हात मात्र बिनझिलईचे, भाजलेल्या मातीच्या तपकिरी रंगाचे. एक डोळा मिटलेला, तोंड वेडेवाकडे झालेले, मान कलती. उजव्या हातातली काडी कानात. भिक्खू कान कोरत होता, आणि त्या क्षणाचे सुख त्याच्या प्रत्येक सुरकुतीत उतरले होते. नाक लांब, भुवया दाट, कानाच्या पाळ्या लोंबत्या, बरगड्या मोजता येतील अशा. "लोहान है जी," दुकानदार म्हणाला, "चायनीज साधू." लोहान म्हणजे अर्हत. मूर्ती गेल्या शतकातली आहे, फार जुनी नाही, हेही त्याने आपणहून सांगितले.

ही घडण ग्वांगडोंग प्रांतातल्या फोशानजवळच्या शिवान गावची. तिथले कारागीर कपड्याला झिलई देतात आणि अंग कोरे ठेवतात. झिलई भट्टीत वितळते, बारीक रेषा बुजवते. कोऱ्या मातीवर नखाची खूणही शिल्लक राहते. चेहऱ्यावरचा भाव दाखवायचा तर माती उघडीच हवी. ही माती जाड आणि काळसर, खऱ्या अर्थाने पोर्सेलीन नव्हे. कान कोरणाऱ्याचे नाव नागसेन. मिलिंद राजाच्या प्रश्नांना उत्तरे देणारा नागसेन तो हाच, असे चिनी लोकपरंपरा मानते. ऐकण्याची शुद्धी शिकवणारा म्हणून त्याच्या हाती कानकोरणे आले.

या अर्हतांची यादी चीनमध्ये रुजवली ह्युएन त्संगने. सोळा वर्षांच्या हिंदुस्थान प्रवासाहून तो ६४५ मध्ये परतला आणि ६५४ मध्ये त्याने नंदिमित्र या सिंहली स्थविराच्या नावावरचा एक छोटा ग्रंथ चिनीत आणला. बुद्धाने महापरिनिर्वाणापूर्वी सोळा अर्हतांना सांगितले की मैत्रेय येईपर्यंत जगात राहा आणि धम्म सांभाळा, असे त्यात आहे. अर्हत म्हणजे ज्याची तृष्णा संपली, ज्याला पुन्हा जन्म नाही असा भिक्खू. नावे वाचताना आपण चिनी यादी वाचतो आहोत असे वाटतच नाही: पिंडोल भारद्वाज, कनकवत्स, नकुल, भद्र, कालिक, पंथक, राहुल, नागसेन, अंगज, वनवासी, अजित, चूडपंथक. सतरावा आणि अठरावा चीनने जोडले. त्यांतला एक ड्रॅगन वश करतो आणि दुसरा वाघ.

एकेकाची कथा ऐकण्याजोगी आहे. पिंडोलाने राजगृहात उंच बांबूवर टांगलेले चंदनाचे भिक्षापात्र हवेत उडून काढले आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. बुद्धाने त्याला खडसावले की लाकडाच्या वाडग्यासाठी सिद्धीचा तमाशा करायचा नसतो. त्याच पिंडोलाची लाकडी मूर्ती आज जपानमध्ये नारा इथल्या तोदाइ-जी मंदिराबाहेर बसलेली आहे. दुखणाईत माणसे आपला दुखरा अवयव आणि मूर्तीचा तोच अवयव चोळतात. चूडपंथकाला चार ओळी पाठ होत नव्हत्या. बुद्धाने त्याला एक स्वच्छ फडके दिले आणि पुसत राहायला सांगितले. फडके मळत गेले आणि त्याला जे कळायचे ते कळले. अंगज गारुडी होता. वाटसरूंना साप चावू नयेत म्हणून तो ते पकडायचा, विषदंत काढायचा आणि डोंगरात सोडून द्यायचा. सापांसाठी त्याच्याकडे झोळी असे. म्हणून झोळीवाला बुदाई आणि झोळीवाला अंगज यांची चिनी लोकांतही गल्लत होते. आणि राहुल, सिद्धार्थाचा मुलगा. जपानमधल्या उजी इथे मानपुकु-जी मंदिरात फुजियानहून आलेल्या एका चिनी मूर्तिकाराने सतराव्या शतकात घडवलेला राहुल आहे. तो दोन्ही हातांनी छाती उघडतो आणि आत बुद्धाचे मुख दिसते. आपल्याला तिथे मारुतीच आठवणार.

या मूर्तींचे चेहरे असे दांडग्या नाकाचे, लोंबत्या भुवयांचे का, याचेही उत्तर आहे. ग्वानशिऊ (८३२ ते ९१२) नावाच्या भिक्खू चित्रकाराने सोळा अर्हतांची चित्रे काढली. स्वप्नात दिसले तसे काढले, असे तो म्हणे. चीनच्या दृष्टीने ते परदेशी होते आणि त्याने ते परदेशीच दाखवले. सम्राट छ्यानलोंगने १७५७ मध्ये हांगझोऊला ही चित्रे पाहिली, अर्हतांचा क्रम आणि नावे नव्याने लावून दिली, आणि ती दगडांवर कोरली गेली. त्या दगडांचे ठसे उमटवून चित्रे चीनभर गेली, आणि कुंभारांना, हस्तिदंत कोरणाऱ्यांना, जेड घासणाऱ्यांना आयता नमुना मिळाला. भारतीय माणूस परक्यांच्या नजरेला कसा दिसला, हे या मूर्तींत हजार वर्षे जपलेले आहे.

ग्वानशिऊच्याही आधीचे रूप पाहायचे तर जनपथवरचे राष्ट्रीय संग्रहालय गाठावे. मानेसरहून बस किंवा रिक्षाने गुडगावची मेट्रो गाठली की पिवळ्या मार्गाने उद्योग भवनला उतरता येते. तिथून ते चालण्याच्या अंतरावर आहे. सोमवारी बंद. ऑरेल स्टाइनने मध्य आशियातून आणलेल्या वस्तूंचा मोठा हिस्सा इथे आहे. तकलामकान वाळवंटाच्या कडेला मिरान नावाची ओसाड वस्ती आहे. १९०७ मध्ये तिथल्या स्तूपांच्या पडक्या भिंतींवर त्याला तिसऱ्या शतकाच्या सुमाराची चित्रे सापडली. त्यांतला बुद्ध आणि त्याचे सहा शिष्य दिल्लीत आहेत. शिष्यांचे डोळे मोठाले, टपोरे. भारतातला भिक्खू चीनच्या वाटेवर असतानाचा हा मधला मुक्काम आहे.

आता खऱ्या पोर्सेलीनविषयी. मानेसरच्या फळीवरच्या पांढऱ्या बुदाईचे मूळ घराणे फुजियान प्रांतातल्या देहुआ गावचे. तिथल्या मातीत लोहाचा अंश फार कमी असल्याने भट्टीतून निघालेले भांडे दुधी किंवा हस्तिदंती पांढरे होते. रंग द्यायची गरजच उरत नाही. प्रकाश कडेला किंचित आत शिरतो. मूर्ती आतून पोकळ. धडासाठी साचा, पण बोटे, मण्यांची माळ, वस्त्राची टोके हाताने जोडलेली. बुडाला किंवा पाठीला भोक ठेवावे लागते. आतली हवा आणि वाफ निघायला वाट नसेल तर मूर्ती भट्टीतच फुटते. जुन्या देहुआ मूर्तींची बोटे तुटलेली असतात, ती सर्वांत आधी जातात म्हणून. मिंग काळाच्या उत्तरार्धात तिथे हे चाओझोंग नावाचा कारागीर होऊन गेला. मूर्तीच्या पाठीवर तो आपल्या नावाचा शिक्का उमटवी. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात त्याचा बोधिधर्म आहे. लाटांवर अनवाणी उभा, हात वस्त्रात गुंडाळलेले, कपाळावर आठी. एकच पांढरा रंग, आणि तरीही समुद्राचा वारा कुठून वाहतो ते वस्त्राच्या घड्यांवरून कळते. देहुआचा माल च्वानझोऊ बंदरातून जगभर जाई. याच बंदरात तेराव्या शतकात तमिळ व्यापाऱ्यांचे शिवमंदिर होते. त्याचा १२८१ चा तमिळ शिलालेख सापडला आहे. बोधिधर्माच्या मुलखातले लोक आणि बोधिधर्म घडवणारी माती एकाच धक्क्यावर होती.

दिवाळीसाठी भाचा मोटारीने पुण्याला निघाला, तेव्हा मीही त्याच्याबरोबर निघालो. मानेसरच्या दारातला रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४८. दिल्लीहून निघून जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, वडोदरा, वसई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, बंगळूर, वेल्लोर असा तो कांचीपुरम जिल्ह्यातून चेन्नईला पोचतो. नकाशा उघडल्यावर लक्षात आले की अर्हतांचा अर्धा भूगोल या एकाच रस्त्यावर आहे.

पहिला थांबा जयपूरच्या अलीकडे, महामार्ग सोडून आत गेल्यावर. जुने बैराट, आताचे विराटनगर. गोल दगडांच्या राशींतून पायवाट बीजक की पहाडीवर जाते. वर मौर्यकाळातल्या एका गोलाकार बौद्ध मंदिराचा विटांचा पाया उरला आहे. त्याचे खांब लाकडी होते. या परिसरात १८४० मध्ये अशोकाचा एक लेख सापडला, तो आता कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत आहे. भिक्खूंनी आणि उपासकांनी बुद्धाची कोणती वचने वारंवार ऐकावीत याची यादीच अशोकाने त्यात दिली आहे, आणि त्या यादीत खोटे बोलण्याविषयी राहुलाला केलेला उपदेश आहे. मानपुकु-जीचा राहुल घडवला गेला त्याच्या एकोणीसशे वर्षे आधी त्याचे नाव या टेकडीजवळच्या दगडावर होते. टेकडीवर आम्ही दोघे आणि शेळ्यांमागचा एक मुलगा, एवढेच होतो.

राजस्थान आणि गुजरात मोटारीच्या काचेतूनच पाहिले. वसईला महामार्ग सोडून नालासोपाऱ्यात शिरलो. चाळी, रिक्षा, फेरीवाले यांतून वाट काढत गेले की बुरुड राजाचा कोट नावाचे टेकाड लागते. सोपाऱ्याचा विटांचा स्तूप तो हाच. सोपारा म्हणजे शूर्पारक हे प्राचीन बंदर. इथला व्यापारी पूर्ण बुद्धाचा शिष्य झाला आणि धम्म सांगायला परत कोकणात निघाला. तिथले लोक तापट आहेत, शिव्या दिल्या तर, मारले तर काय करशील, असे बुद्धाने विचारत नेले, आणि प्रत्येक वेळी पूर्ण म्हणाला की याहून वाईट केले नाही म्हणून मी त्यांना भले मानीन. सोळांच्या यादीत तो नाही, पण बुद्धाच्या शिष्यांत आपल्या किनाऱ्याचा म्हणून ओळखावा असा हा माणूस.

१८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी हा स्तूप उकरला. दगडी पेटीत तांब्याचा करंडक निघाला, त्यात चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा, आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात होते मातीच्या भांड्याचे तुकडे, बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. तांब्याच्या करंडकाभोवती कांस्याच्या आठ छोट्या मूर्ती मांडलेल्या होत्या: सात बुद्ध आणि आठवा मैत्रेय. त्या स्तूपाहून बऱ्याच नंतरच्या, आठव्या-नवव्या शतकाच्या मानल्या जातात. हा ऐवज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. हा मैत्रेय सडपातळ, अलंकार ल्यालेला, शांत बसलेला राजपुत्र आहे. मानेसरच्या दुकानांतला पोट सुटलेला म्हातारा याचाच अवतार मानला जातो, आणि दोघांच्या काळात अंतर शे-दोनशे वर्षांचे.

मुंबईत काळा घोड्याजवळचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. जॉर्ज विटेटने बांधलेली ही वास्तू १९२२ मध्ये संग्रहालय म्हणून खुली झाली. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा या भावांनी जमवलेल्या वस्तू इथे आल्या. चिनी आणि जपानी पोर्सेलीन, जेड, तपकिरीच्या नाजूक कुप्या हा त्यांतला मोठा भाग. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांनी चीनशी अफू-कापसाचा व्यापार केला, आणि परतीच्या गलबतांतून रेशीम आणि चिनी माती या शहरात आली. आवडीने जमवणाऱ्यांची पिढी त्यातूनच तयार झाली. याच इमारतीत सोपाऱ्याला सापडलेल्या अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडाही आहे. मराठी मुलखातून बौद्ध धर्म समुद्रावर गेला त्या काळचा दगड आणि चीनमधून परत आलेले पोर्सेलीन एकाच छपराखाली पाहता येतात. अशी जागा देशात क्वचितच मिळेल.

शेवटचा थांबा महामार्गावर नाही. पुण्यात दिवाळी झाल्यावर मी संभाजीनगरमार्गे अजिंठ्याला गेलो, कारण ह्युएन त्संगने महाराष्ट्रातल्या एका अर्हताविषयी लिहून ठेवले आहे. सातव्या शतकात, पुलकेशीच्या राज्यात हा प्रवासी आला होता. पूर्वेच्या डोंगरात एक विहार आहे, दारात दगडी हत्ती आहेत, आणि तो अचल नावाच्या अर्हताने बांधला, असे तो सांगतो. अचलाची आई मेल्यावर या मुलखात एका मुलीच्या रूपाने जन्मली होती. तिने भिक्षा वाढली तेव्हा तिला पान्हा फुटला, आणि त्या ऋणातून उतराई होण्यासाठी अचलाने विहार उभारला, अशी त्याने ऐकलेली कथा. हत्ती सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांपाशी आजही आहेत.

सोळा अर्हत चीनला देणारा आणि आपल्या डोंगरातल्या अचलाची नोंद ठेवणारा माणूस एकच. चीनने ती नावे घेतली, त्यांना चेहरे दिले, मातीत, लाकडात, हस्तिदंतात हजार वर्षे घडवले. आपण त्या मेळ्यातून परत आणला तो नेमका एकटा चिनी बुदाई. पिंडोल, नागसेन, अंगज यांची आपल्याला ओळख राहिली नाही. भाच्याच्या कंपनीतला बुदाई मला आवडला, त्याने तिथेच राहावे. पण हसऱ्या म्हाताऱ्याची मूर्ती घरी आणणाऱ्यांनी त्याच्या भारतीय सोबत्यांची नावे तरी वाचावीत.

अजिंठ्याला जायचे तर सोमवार टाळावा, त्या दिवशी लेणी बंद असतात. सव्विसाव्या लेण्यात पोचल्यावर लोक महापरिनिर्वाणाची मूर्ती पाहायला थेट आत जातात. त्याआधी दर्शनी भागातला शिलालेख पाहावा. बुद्धभद्र नावाच्या भिक्खूने पाचव्या शतकात तो कोरवला, आणि शास्त्यासाठी डोंगरात लेणे करवणाऱ्या स्थविर अचलाचे नाव त्यात आहे.